साठ लिटरचं घर

आमच्या गाडीतली पाण्याची टाकी साठ लिटरची आहे. पिण्याला आणि स्वयंपाकाला दहा, भांड्यांना पाच, दोघांच्या अर्ध्या अर्ध्या बादलीच्या आंघोळीला पंधरा. दिवसाला तीस, दोन दिवसांत टाकी रिकामी. हा हिशेब मला कागदावर मांडावा लागला नाही. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी लातुरात काढला, त्यांच्या तो अंगवळणी पडलेला आहे. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे शहरात आली. साधारण पाच लाख लिटर पाणी. आमच्या गल्लीत टँकर आठवड्याने यायचा आणि घरटी दोनशे लिटर मिळायचं. तांदूळ धुतलेलं पाणी आम्ही भांड्यांना वापरायचो आणि भांड्यांचं संडासात टाकायचो. म्हणून गाडी बांधताना बॉडीवाल्याने "टाकी शंभरची बसवू का?" असं विचारलं, तेव्हा माझ्याआधी हीच म्हणाली, "साठ पुरे."

गाडीत राहून फिरायची इच्छा मात्र फार जुनी, नोकरीतली. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. लाल कंधारी आणि देवणी, या दोन जातींच्या गुरांमध्ये माझी सगळी नोकरी गेली. एक जात कंधारच्या नावाची, दुसरी देवणीच्या. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आमची ड्यूटी लागायची. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात ही यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल, कुत्री, सगळ्यांचा बाजार. वाघ्या-मुरळी येतात, पोतराज येतात, तमाशाचे फड लागतात. पण रात्री फेरी मारताना माझी नजर जायची ती मुक्कामावर. बैलगाडीवर ताडपत्री, साट्यावर कडबा, कडब्यावर गोधडी. खाली चाकाच्या आडोशाला तीन दगडांची चूल, धुऱ्याला टांगलेला कंदील आणि त्याच उजेडात निजलेलं लेकरू. त्या मुक्कामाची एक रीत माझ्या लक्षात राहिली. गाडी उभी राहिली की बाप्ये खुंट्या ठोकायला बसत नसत. आधी बाई घागर घेऊन निघायची, पाणी कुठं आहे आणि किती लांब आहे ते बघून यायची. ती परतली की मगच बैल सुटायचे. पाणी लांब असलं तर गाडी उचलून पुढे न्यायची.

मी निवृत्त झालो तेव्हा हिच्या गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली होती. तालुक्याच्या लॉजवर पहिल्या मजल्यावरची खोली आणि जिन्याच्या टोकाला संडास, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. बाईमाणसाने प्रवासात दिवसभर पाणी न पिता राहायचं, कारण वाटेत स्वच्छ जागा मिळत नाही. ही गोष्ट पुरुषांच्या लक्षातसुद्धा येत नाही. माझ्याही उशिराच आली. म्हणून शाळेची मुलं नेणारी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सीट काढून पलंग टाकायचा तर आर.सी.वर त्याची नोंद लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. तेव्हा आधी आरटीओचं काम आणि मग सुताराचं, असा क्रम ठेवला. आत जाड प्लायचा पलंग, त्याखाली टाकी, पाच किलोचा सिलिंडर, खिडक्यांना डासांची जाळी, मागे पडद्याआड छोटा संडास. टपावर सोलर पॅनल आणि खाली इन्व्हर्टरची बॅटरी. चढायला हिच्यासाठी दोन पायऱ्या, धरायला कडी.

उन्हाळ्यात एक पेच कायम असतो. पॅनलला ऊन हवं, माणसाला सावली हवी. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि दिवसभर तापलेला पत्रा रात्री अकरापर्यंत निवत नाही. आम्ही दुपारी गाडी उन्हात ठेवून स्वतः देवळाच्या ओवरीत बसतो आणि संध्याकाळी गाडी लिंबाखाली नेतो. पावसाळ्याचा नियम एकच: काळ्या रानात चाक घालायचं नाही. एका रात्रीच्या पावसाने रेगडीत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला होता.

नांदेडचा मुक्काम सगळ्यात निर्धास्त. गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण १७०८ साली याच गावात झालं. त्या जागी महाराजा रणजितसिंगांनी बांधून घेतलेला सचखंड गुरुद्वारा जगभरच्या माणसांना बोलावतो. लंगरमध्ये कुणाला कधी नाही म्हणत नाहीत. पार्किंगमध्ये आमच्या शेजारी पंजाबातून आलेली बस होती. टपावर गाद्यांचे गठ्ठे, डिकीत पातेली. त्यांच्या ड्रायव्हरने आधी खाली उतरून नळ शोधला, सोडून बघितला, आणि मग बस लावली. हिने मला कोपराने ढोसलं. माळेगावची ती गोष्ट तिला मी पन्नासदा सांगितली होती.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही नांदेडहून कंधारला गेलो. किल्ला बघितला, जगत्तुंग तलावाच्या काठी दुपार काढली आणि मुखेडवरून जळकोटकडे निघालो. हा बालाघाटच्या डोंगरांचा भाग. मुरमाड माळ, मधूनमधून तांडे. रस्ता खराब होता. दिवस कलला तेव्हा मागच्या दाराच्या फटीतून डांबरावर पाण्याची बारीक रेघ पडलेली हिला आरशात दिसली. टाकीच्या तोटीचा निपल हादऱ्याने तडकला होता. साठ लिटर पाणी आम्ही वाटभर सांडत आलो होतो. बाटल्यांत मिळून दीड लिटर उरलं.

पुढच्याच तांड्याशी थांबलो. सेवालाल महाराजांच्या देवळावर पांढरं निशाण होतं. पारावर म्हातारे नाईक बसले होते. आपसात त्यांची गोरमाटी चालली होती, आमच्याशी मराठीत बोलले. "कुठून आलाव? कामून थांबलाव?"

मी सांगितलं, लातूरचे आहोत, रात्रभर गाडी लावू द्याल का?

"लावा की. जागेला कोण नाही म्हणतंय!" आणि गाडीत डोकावून म्हणाले, "आमचे आजे-पणजे असंच फिरायचे. बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य आणि सगळा संसार. जिथं पाणी, तिथं तांडा."

मग मी पाण्याचं विचारलं. नाईक गप्प झाले. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. जागेला लगेच हो म्हणणारा माणूस पाण्याला गप्प होतो, याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. थोड्या वेळाने एक बाई स्टीलची घागर कडेवर घेऊन आली. घागरीच्या तोंडावर ओला फडका बांधला होता, वाटेत हिंदकळून थेंबही जाऊ नये म्हणून. तिने ती आमच्या पायरीवर ठेवली आणि फडका सोडून आमच्या पातेल्यात पिळला. त्या पिळण्यातून जेमतेम घोटभर पाणी निघालं असेल. हिने पर्स उघडली, तर बाई दोन पावलं मागे सरकली. "पाण्याचे पैसे घेत नसतात, माय."

त्या रात्री आम्ही खिचडी केली नाही. नांदेडहून आणलेली केळी होती, भाकरी-शेंगाचटणी होती, ते खाल्लं. भांडं निघू दिलं नाही.

पहाटे पाचला आवाजाने जाग आली. टँकर आला होता. तांड्याची विहीर आटलेली. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, विहिरीत पाणी सोडतो आणि बाया दोर टाकून ते पुन्हा वर ओढतात. आदल्या संध्याकाळी आम्हाला मिळालेली घागर तिसऱ्या दिवसाची होती, घरातली शेवटची. घागर देणाऱ्या बाईच्या दारात लाल कंधारीची एक कालवड बांधली होती. तिची बादली पालथी पडलेली मी स्वतः बघितली. गुरांमध्ये जन्म गेलेल्या माणसाला पालथ्या बादलीचा अर्थ सांगावा लागत नाही.

आम्ही जळकोटला गेलो. निपल बदलला, टाकी भरली, वीस लिटरचे दोन कॅन विकत घेतले आणि उलटे तांड्यावर आलो. त्या बाईने घागर आणली, काठोकाठ भरून घेतली आणि हात आडवा केला. एवढीच दिली होती, एवढीच परत घेणार. कालवडीसाठी म्हणून हिने फार विनवलं, तेव्हा बादली पुढे केली. बाकीचं पाणी नाईकांनी देवळातल्या रांजणात ओतायला सांगितलं.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट ठरवली आणि आजवर पाळली. जागा गावाला मागायची, पाणी मागायचं नाही. शहर सोडताना टाकी आणि दोन्ही कॅन भरलेले असले पाहिजेत. निपल मी रोज सकाळी हाताने चाचपतो आणि एक जादा निपल डब्यात ठेवतो.

राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या आता वाढणार आणि वाढाव्यातही. गुडघे दुखणाऱ्या, लॉजला नको म्हणणाऱ्या कितीतरी बायकांना त्यामुळे गाव बघायला मिळेल. पण गेल्या हिवाळ्यात अहमदपूरच्या अलीकडे मी एका मोठ्या व्हॅनमधल्या मंडळींना गावच्या हापशाला पाइप लावून गाडी धुताना बघितलं. घागरी घेतलेल्या चार पोरी बाजूला उभ्या होत्या. मी जाऊन त्यांना पाइप काढायला सांगितलं, त्यांनी काढलाही.

मराठवाड्यात गाडी घेऊन येणाऱ्यांनी जरूर यावं. कंधारचा किल्ला बघा, माळेगावच्या यात्रेत दोन रात्री राहा, नांदेडला लंगरमध्ये जेवा. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना विचारून गाडी लावा. फक्त टाकी नांदेडला किंवा लातूरला भरून घ्या, सांडपाणी विहिरीपासून लांब टाका, आणि फेब्रुवारी ते जून कुठल्याही वाडीवर, तांड्यावर पाणी मागू नका. तुम्ही मागितलं तर ते देतील.