चारच्या आत मावळणारा सूर्य



डिसेंबरमध्ये कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जाऊन आले. तेव्हापासून अकोल्याच्या आणि माहेरच्या, म्हणजे अमरावतीच्या, मैत्रिणींचा एकच प्रश्न आहे, "खाल्लंस काय?" त्याचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण मला सांगायचं आहे ते जेवणानंतरच्या वेळाबद्दल.

विमानाचं तिकीट काढताना जैन जेवण मागता येतं. बुकिंगमध्ये ते 'व्हीजेएमएल' असं दिसतं. निघायच्या दोन-तीन दिवस आधी फोन करून खात्री करून घ्यावी. ब्रिटनमध्ये इथून दुधातुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून लाडू घरीच राहिले. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवसांची, म्हणून पीठही नेलं नाही. तांदूळ, मूगडाळ, सुका मेवा आणि विजेचा छोटा कुकर एवढंच नेलं. खोलीत शिजवलेलं चालतं का, हे हॉटेलला आधीच विचारून ठेवलं होतं.

खरी अडचण सूर्याची होती. डिसेंबरात तिथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. ऑफिस साडेपाचपर्यंत. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅनेजर बाईंना सांगितलं, मला रोज सव्वातीनला वीस मिनिटं हवीत, दुपारच्या सुट्टीतून कापून घ्या. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी कॅलेंडरमध्ये लिहून टाकलं. झालं. मी मात्र त्या एका वाक्याची तयारी मुंबईपासून करत गेले होते!

आता गंमत बघा. साडेपाचला सुटायचं तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. जेवण झालेलं. भांडी म्हणजे एक डबा नि एक चमचा. घरी फोन करावा तर अकोल्यात रात्रीचे अकरा वाजलेले, सगळे झोपलेले. सोबतचे लोक जेवायला नाहीतर नाताळच्या बाजारात जात. एकदा मीही त्यांच्यासोबत दिवे बघून आले, छान वाटलं. पण बाकीच्या संध्याकाळी? निघताना सासूबाईंनी विचारलंच होतं, "एकटी तिथं काय करशीन वं?"

लग्नाला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत संध्याकाळचे साडेपाच ते दहा हे साडेचार तास कुणी माझ्या हातात असे दिले नव्हते. पहिल्या दिवशी मला ते पेलवेनात. कपाट दोनदा आवरलं.

दुसऱ्या दिवसापासून सामायिक धरलं. अठ्ठेचाळीस मिनिटं, पूर्ण. घरी बसते तेव्हा दाराची बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, नाहीतर "आई, माझं आयकार्ड कुठंय" येतं. तिथे कुणी उठवत नव्हतं, तरी मन स्वतःच उठून अकोल्याला जाऊन यायचं. अडथळा बाहेरचा किती आणि आतला किती, हे मला तिथे कळलं.

सामायिकानंतर तत्त्वार्थसूत्र अर्थासहित वाचायला घेतलं. दशलक्षण पर्वात आपण रोज एक अध्याय ऐकतो. आपल्या परंपरेत दहा अध्यायांची ३५७ सूत्रं आहेत. बरीचशी माझी तोंडपाठ आहेत, पण अर्थ विचाराल तर पहिल्या अध्यायानंतर मी गप्प. कामाच्या संध्याकाळीही दहाच होत्या. रोज एक अध्याय घेतला. पाचव्याला दोन दिवस लागले, मग एका शनिवारी भरून काढलं.

रविवारी लेस्टरला गेले. बर्मिंगहॅमहून रेल्वेने तासाभराचा रस्ता. तिथे ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत जैन मंदिर आहे, १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेलं. समोरून पांढरा कोरीव संगमरवर. आत एकाच छताखाली दिगंबर मंदिर, श्वेतांबर मंदिर आणि स्थानकवासींचा उपाश्रयही. परक्या देशात माणसं थोडी, म्हणून सगळ्यांनी मिळून बांधलं असेल, असं कुणी म्हणेल. असेलही. पण मला शिरपूर आठवलं. आपल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दारावर दोन पंथांच्या वादात चार दशकांहून जास्त काळ कुलूप होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते निघालं. लहानपणी आम्ही शिरपूरला जायचो ते झरोक्यातून दर्शन घ्यायला. लेस्टरला दोन्ही मूर्तींसमोर हात जोडताना मला कुणी विचारलं नाही, तू कोणाची. डोळे भरून आले, ते थंडीमुळे नव्हे.

परत आल्यावर खरा प्रश्न समोर आला. आपल्या घरांत सूर्यास्ताआधी जेवणं होतात. म्हणजे संध्याकाळी सातला आपलं स्वयंपाकघर बंद, आणि आपल्यासारखी मोकळी बाई गावात दुसरी नसायला हवी. पण तसं होतं का? उद्याची भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास, उशिरा येणाऱ्याचं दूध, फोन. व्रत सगळ्या घराचं, पण त्यातून वाचलेला वेळ आपल्या वाट्याला येतच नाही.

घरात बसून सगळ्यांशी बोलले. सात ते सात अठ्ठेचाळीस मी नाही, असं समजायचं. पहिल्या आठवड्यात मुलाने तीनदा दार वाजवलं. आता दूध हे स्वतः तापवतात, कधी उतू जातं. उतू गेलेलं दूध पुसायला मी बाहेर येत नाही. सासूबाई मात्र हळूच आत येऊन शेजारी माळ घेऊन बसू लागल्या आहेत. त्यांनाही हा वेळ आजवर कुणी दिला नव्हता.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी सातनंतरचा वेळ कोणाचा आहे?