तिवा

चाचणीचे पेपर तपासताना बाईंना भावाचा फोन आला. गाईला तिवा झालाय, बसलीय ती उठत नाही. डॉक्टर येऊन गेले होते. समोरच्या पेपरात मुलांनी ‘इफेमरल’ शब्द वाक्यात वापरला होता : प्रेम, इंद्रधनुष्य, दवबिंदू. सगळं पाठ्यपुस्तकातलं, सगळं नाजूक.

बाईंना हा शब्द पहिल्यांदा भेटला तो गोठ्यात. सांगलीकडच्या त्यांच्या गावात तेव्हा एका पावसाळ्यात घरची गाय हरणी काल पुढच्या पायाने लंगडायची, आज मागच्या. अंगात ताप, तोंडाला लाळ. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तिव्याचं नाव इंग्रजीत लिहिलं : बोवाइन इफेमरल फीवर. आजी काढ्याचा नळा घेऊन पुढे सरकली, तेवढ्यात डॉक्टरांनी तिचा हात धरला. या तापात जनावराला धड गिळता येत नाही. पाजलेलं फुप्फुसात जातं. आजीचा तो अधांतरी नळा बाईंच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

‘इफेमरल’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दिवसभराचं. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला, तोही रोग आणि आयुष्याबद्दल बोलताना. कवींची मक्तेदारी नंतरची. ॲरिस्टॉटलने हायपॅनिस नदीवरचा एक किडा नोंदवला, संध्याकाळी मरणारा. पुढे लिनियसने 1758मध्ये मेफ्लाय किड्यांच्या एका वंशाला ‘इफेमेरा’ हेच नाव दिलं. त्यातली मौज अशी की पंख फुटल्यावर दिवस-दोन दिवसांत संपणारा हा जीव त्याआधी वर्ष-दोन वर्षं पाण्याखालच्या गाळात काढतो. पंख आल्यावर त्याला खाण्याजोगं तोंडही उरत नाही. गाळातली वर्षं नाव ठेवणाऱ्यांनी हिशेबात धरलीच नाहीत, ही बाईंची जुनी तक्रार.

तिव्याचंही तसंच. विषाणू डास-चिलटांतून येतो, बहुतेक जनावरं तीन-चार दिवसांत उभी राहतात. हरणीही राहिली, रवंथ करू लागली. पण त्या वेताला दूध पूर्वीच्या मापावर आलंच नाही. डेअरीच्या कार्डावरचे आकडे वडील रोज बघायचे आणि कार्ड खिशात ठेवायचे.

याच ग्रीक मुळाची आणखी एक फांदी म्हणजे एफेमेरिस, ग्रहांच्या रोजच्या स्थितीचं कोष्टक. कोलकात्याच्या लाहिरींचं कोष्टक ज्योतिष्यांच्या कपाटात हमखास असतं. गावच्या जोशीबुवांकडेही होतं. डॉक्टरांवर रुसलेली आजी त्यांच्याकडे गेली. त्यांनी पानं चाळून शनीला तेल घालायला सांगितलं. चौथ्या दिवशी हरणी उठली, तेव्हा आजीच्या लेखी उठवणारा शनी होता. डॉक्टरांनी नुसतं हसून सुई उकळायला ठेवली. वडिलांनी एकाची फी आणि दुसऱ्याची दक्षिणा दुधाच्या त्याच तुटपुंज्या पगारातून चुकती केली.