अजून नाही... आता सोड!

मैत्रिणींनो, आधी हसून घ्या आणि मग वाचा. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले, आणि तीही मोबाइलमधली! शेजारच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. “अवं माय, कुरड्या-पापडाच्या दिवसांत हे काय खूळ काढलं तू?” मी नुसती हसले. खरं कारण सांगायचं तर घरातली झाकली मूठ उघडावी लागली असती. आता दिवस लोटलेत, मुलाला विचारलंय, त्याची हरकत नाही. म्हणून सांगते.

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. आमचा धाकटा दोन वर्षं अकोल्याला शिकवणीसाठी होता. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या वऱ्हाडात मुलगा दहावीत बरे मार्क घेऊन आला की त्याची गादी-ट्रंक अकोल्याला रवाना होते. दोनदा परीक्षा दिली, दोनदा निकाल पडला. तीच गादी, तीच ट्रंक घेऊन तो चांदूर बाजारला परत आला आणि माडीवरच्या खोलीचं दार लावून घेतलं. जेवायला खाली येईना. बोलला तर “हो”, “नाही”, “ठेव तिथं”. दिवसरात्र आतून मोबाइलचा आवाज, गाड्यांची घरघर नि टायरचा किंचाळा.

आमचे हे संत्र्याच्या बागेतून थकून यायचे आणि माडीकडे बघून म्हणायचे, “एक दिवस तो फोन इहिरीत टाकतो मी!” मी मधे पडायची. एकदा तर मीच तो फोन हिसकायला वर गेले होते, खोटं कशाला सांगू? हातात जेवणाचं ताट होतं, म्हणून हात मोकळा नव्हता, एवढंच.

ताट ठेवलं आणि दमले होते म्हणून पलंगाच्या कडेला टेकले. पडद्यावर एक गुबगुबीत पेंग्विन इवल्याशा गाडीत बसून मक्याच्या शेतातून धावत होता. वळण आलं की गाडी आडवी व्हायची, चाकांपाशी नारिंगी उजेड पडायचा, मग लाल, आणि मग गाडी अशी सुटायची, जसा गोफणीतला दगड.

“ते लाल काय रे बाबू?” मी सहज विचारलं.

तो सांगू लागला. आई, वळणावर हे बटण दाबून धराचं, मग गाडी घसरते, जितकं घसरवत नेशील तितका जोर साचते, सोडलं की झटका भेटते. मी मोजली बाई! चार वाक्यं. निकालानंतरच्या अठरा दिवसांत त्यानं माझ्याशी एवढं एका वेळी बोललं नव्हतं. मी म्हटलं, “मले शिकव.”

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जसं मी विमान मागितलं!

आता थोडं खेळाविषयी सांगते, कारण तुमच्याही घरात हे आवाज येत असतील. या खेळाचं नाव सुपरटक्सकार्ट. जगभरातल्या हौशी मंडळींनी मिळून तो तयार केला आहे, फुकट मिळतो, मधे जाहिराती येत नाहीत, पैसे मागत नाही. टक्स म्हणजे तो पेंग्विन, लिनक्स नावाच्या संगणक प्रणालीचं बोधचिन्ह. २०१९ सालापासून तो इंटरनेटवरून दुसऱ्यांबरोबर खेळता येतो. या जातीचे खेळ तसे जुने. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९९२ साली सुपर मारिओ कार्ट काढला, तिथून या छोट्या गाड्यांच्या शर्यतींची लाट आली. वळणावर घसरून जोर साठवायची युक्ती त्यांच्याच १९९६ च्या मारिओ कार्ट ६४ मध्ये होती. म्हणजे आमचा मोठा रांगत होता तेव्हापासून जग हे खेळतंय, आणि आपण इकडे लोणच्याच्या फोडी मोजतोय!

पैसे लावून खेळायचे खेळ मात्र वेगळे, बायांनो. त्यांनी घरंच्या घरं बुडवली. त्यांच्यावर बंदी आणणारा कायदा केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. माझं सांगणं त्या खेळांना लागू नाही. मुलाच्या हातात नेमका कोणता खेळ आहे, हे आधी शेजारी बसून बघा.

तर शिकवणी सुरू झाली. पडद्याच्या एका कोपऱ्यात चाक असतं, ते अंगठ्यानं वर ढकललं की गाडी पळते, बाजूला नेलं की वळते. दुसऱ्या अंगठ्याकडे बाकीची बटणं. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी मी भिंतींवर आपटले, शेतात घुसले, उलटीकडेही धावले. रस्त्याच्या बाहेर कुठे खाली पडलं की एक पक्षी येऊन गाडी उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवतो. त्या पक्ष्याचा माझ्यामुळे जीव गेला असेल! रस्त्यात केळी पडलेली असतात. मला वाटलं खाऊ आहे, म्हणून मुद्दाम वेचत गेले. एकदा गाडीला मागून छत्री लागली आणि ती रखडली, एकदा लोखंडाचा ऐरण येऊन बसला. मुलगा पोट धरून हसत होता. खाली ह्यांना ते हसू ऐकू गेलं असावं, कारण जेवताना त्यांनी फोनचा विषय काढला नाही.

सुरुवातसुद्धा शिकावी लागते. “रेडी, सेट, गो” म्हणतात. “रेडी”लाच गाडी दामटली तर दंड होतो आणि बाकीचे निघून जातात. “सेट” ऐकताच दाबलं तर सुरुवातीलाच जोर मिळतो. मी पहिले तीन दिवस दंडच भरला. आपली सवयच तशी, पाहुणे फाटकाशी आले की चहाचं आधण ठेवायचं!

पण खरी कसोटी त्या घसरण्याची. वळणाच्या थोडं अलीकडेच बटण दाबून चाक वळवायचं. गाडी बारीकशी उडी घेते आणि शेपटाकडून घसरू लागते. इथं घाबरून बटण सोडलं की संपलं, काही मिळत नाही. धरून ठेवलं तर आधी नारिंगी, अगदी आपल्या मृगाच्या संत्र्याच्या सालीसारखा, आणि आणखी धरलं तर लाल. नारिंगीवर सोडलं तर छोटा झटका, लालवर सोडलं तर मोठा. पण लालच्या लोभानं वळण संपलं तरी धरून बसलात तर थेट भिंत. आणि भिंतीला लागलं की साठवलेलं सारं पाण्यात.

“आई, तू लवकर सोडून राहिली.”

“अरे, आपटन ना!”

“नाई आपटत. थांब. अजून नाही... अजून नाही... आता सोड!”

आठवडाभर हेच चाललं. माझा अंगठा ऐन वेळी उचलायचाच. मग एका दुपारी गहू निवडता निवडता मला माझे वडील आठवले. पूर्णाकाठचं आमचं माहेर. वडील बंडी वळवायचे तेव्हा मी बाजूला बसायची. वळताना ते आतल्या बैलाचा कासरा आवळून धरत आणि बाहेरच्याला सैल सोडत. आतला जवळपास जागीच फिरे, बाहेरचा लांब पावलं टाकी, आणि बंडी काठीसारखी फिरे. पण वळण पुरं होईस्तोवर आतला कासरा ते सोडत नसत. मधेच सोडला तर बैल बुजतो, म्हणायचे. आमच्या जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट नावाजलेला. २०१४ साली न्यायालयानं असल्या शर्यती थांबवल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, हे तुम्ही वाचलंच असेल. पण पटात बैल सरळ धावतात. वळवायला शिकायचं तर शेताच्या धुऱ्यावरच.

गव्हाचं सूप तसंच ठेवून मी वर गेले. वळण आलं, मनात म्हटलं, आतला कासरा! धरून ठेवला. नारिंगी. धरला. लाल. सोडला, आणि गाडी जी सुटली! मुलगा पलंगावर उठून उभा राहिला.

एक खोड मात्र अजून गेली नाही. रस्त्यात नायट्रोच्या बाटल्या मिळतात. त्या जमवायच्या आणि सरळ रस्त्यावर बटण दाबून उडवायच्या, वळणावर उडवल्या तर गाडी बाहेर जाते. मी जमवते, पण उडवत नाही! पुढे लागेल, पुढे लागेल म्हणते आणि शर्यत संपते तेव्हा टाकी तुडुंब. पुढच्या शर्यतीला ती मिळतही नाही. “आई, हे साखर नव्हे, डब्यात ठेवाले,” असं तो शंभरदा म्हणाला. तुमचंही असंच होईल बघा.

मग त्यानं मला अकोल्याच्या मित्रांच्या खेळात घेतलं. परवलीचा शब्द घालून आपली वेगळी खोली करता येते, बाहेरचं कोणी येत नाही. रात्री नऊला ती पोरं जमायची. कोणी पुन्हा शिकवणीला बसलेला, कोणी नांदेडला गेलेला. मला सगळे काकू म्हणत. त्यातली दोघं-तिघं रोज विचारत, “काकू, आज भाजी काय होती?” खोलीवर राहणारी मुलं ती. मला भरून यायचं आणि तेवढ्यात कोणीतरी मागून मला चेंडू मारायचा.

ऑगस्टमधली एक रात्र. पाऊस लागला होता, मित्र कोणी आले नव्हते. आम्ही दोघंच शेजारी बसून आपापल्या फोनवर खेळत होतो. मी त्याच्या गाडीच्या मागे मागे जात होते, कारण पुढच्याच्या अगदी मागे राहिलं की वाऱ्याची आड मिळून थोड्या वेळानं वेग वाढतो, हे त्यानंच शिकवलेलं. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “आई, मी दिवाळीपासून क्लासले गेलोच नव्हतो.”

माझी गाडी सरळ खाली गेली. पक्षी आला, उचलून ठेवलं. मी पुन्हा चाक वर ढकललं. काय बोलावं सुचेना, आणि आता वाटतं, सुचलं नाही तेच बरं झालं. तो सांगत राहिला. पहिल्या चाचणीत मागे पडला, मग लाज वाटली, मग खोलीतच राहू लागला. परीक्षेच्या दिवशी येत होतं तेही लिहिलं नाही, हात कापत होते. तीन फेऱ्यांची शर्यत संपली. तो म्हणाला, “अजून एक?” मी म्हटलं, “लाव.” दुसऱ्या शर्यतीत मी विचारलं, “रात्री झोप येत होती का रे तुले?” तो म्हणाला, “नाई.”

मैत्रिणींनो, समोर बसवून मी त्याला दहादा विचारलं होतं, डोळ्यांत डोळे घालून, शपथा घालून. तेव्हा एक शब्द निघाला नव्हता.

आता प्रश्न ह्यांचा. त्या शिकवणीला बागेचा एका बहाराचा पैसा गेला होता. मी सांगितलं नाही. नवऱ्यापासून अशी गोष्ट लपवणं बरोबर की चूक, तुम्ही ठरवा, मी आठ दिवस नीट जेवले नाही. मुलाला एवढंच म्हटलं की हे तूच सांगायचं. त्या आठ दिवसांत एकदा ह्यांनी मला रंगेहाथ पकडलं. गॅसवर दूध, हातात मोबाइल, दूध उतू गेलेलं! “पोट्ट्याले सुधरवाचं सोडून तूच बिघडली!” म्हणाले. मी ओटा पुसत राहिले.

नवव्या दिवशी तो स्वतः बागेत गेला आणि वडिलांना सांगून आला. काय बोलणं झालं, दोघांनीही मला आजवर सांगितलेलं नाही. हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला हाक मारली, “चाल, फवारणी आहे.” तो गेला.

पुढे त्यानं अमरावतीला बी. एस्सी.ला नाव घातलं. तिसऱ्यांदा परीक्षा द्यायची का, हा विषय आमच्या घरी मिटलेला नाही. ह्यांना वाटतं द्यावी, त्याला नको आहे, आणि मी कोणाच्या बाजूनं आहे हे मलाच रोज वेगळं वाटतं. झोपेचं मात्र आम्ही डॉक्टरांना दाखवलं, तेवढं लगेच केलं.

दोन-चार सूचना, पान संपण्याआधी. अर्ध्या तासाच्या वर मी खेळत नाही, अंगठ्याचं मूळ दुखतं. दुखलंच तर कोमट पाण्यात हात धरून ठेवते. चार्जिंगला लावलेल्या फोनवर खेळू नका, तो तापतो. सुरुवात ‘नवशिक्या’च्या पातळीवर करा, लाज बाळगू नका. आणि दूध तापवून झाल्यावरच बसा!

तो अमरावतीहून अजून रात्री नऊला निरोप पाठवतो, “आई, ये.” रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा. ह्यांची खुर्ची आता माझ्या पलंगाजवळ सरकली आहे. वर्तमानपत्र समोर धरलेलं असतं, पण नजर माझ्या पडद्यावर. लाल रंगाचं प्रकरण मी त्यांना समजावलं तेव्हा म्हणाले, “म्हंजे मृग बहाराचा ताणच की! उन्हाळ्यात झाडाले पाणी तोडायचं, पाऊस पडला की फुलते. कमी ताण दिला तर फूल नाही, जास्त दिला तर झाड जाते.” इतकी वर्षं संत्र्याची बाग करणाऱ्याला आणखी काय समजावायचं?

परवा शेवटच्या फेरीत मी आणि मुलगा अगदी बरोबरीनं होतो. शेवटचं वळण आलं, मी बटण धरलं. शेजारून वर्तमानपत्राच्या आडून आवाज, “अजून नाही... अजून नाही...” आणि मग त्यांनाच धीर निघेना. “सोड, सोड!” मी सोडलं. नारिंगीच होतं. मुलगा पुढे निघून गेला, आणि माझ्या टाकीत नायट्रो तसाच भरलेला.