परात

माझी नात सध्या खरगपूरच्या आय. आय. टी.त एम. टेक. करते आहे. विषय अन्नप्रक्रिया अभियांत्रिकी, त्यांच्या भाषेत फूड प्रोसेस इंजिनिअरिंग. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून तिनं बी. टेक. केलं, गेटची परीक्षा दिली आणि एक दिवस घरात जाहीर केलं, की नोकरी आताच नको, आणखी दोन वर्षं शिकणार. मुलगा म्हणाला, "एवढ्या लांब?" सून म्हणाली, "त्यापेक्षा कॉम्प्युटरचं काही केलं असतंस..." आणि मी, तेहेतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, म्हणाले, "अगं, वरणभात शिकायला बंगालात कशाला जायला हवं? माझ्याजवळ राहा महिनाभर."

ती हसली आणि गेली. आझाद हिंद एक्स्प्रेसनं. गेटमुळे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्यामुळे बापाकडे फारसं काही मागावं लागत नाही. असो.

रविवारी तिचा फोन येतो. आधी मी जेवणाचं विचारते, मग ती अभ्यासाचं सांगते. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की हिच्या अभ्यासात पाककृती नावाची गोष्टच नाही. उष्णता पदार्थात किती वेगानं शिरते, पाणी त्यातून किती वेगानं निघतं, पीठ किंवा चटणी नळीतून ढकलायची तर किती जोर लागतो, डब्यातल्या अगदी मधल्या घासापर्यंत ताप पोचायला किती मिनिटं लागतात, हे सगळं गणितानं काढायचं. पहिलं वर्ष वर्ग आणि प्रयोगशाळा, दुसरं वर्ष प्रबंध. तिनं मला निकोलस आपेर या फ्रेंच हलवायाची गोष्ट सांगितली. त्यानं बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट लावून, उकळत्या पाण्यात ठेवून ते टिकवून दाखवलं. १८१० साली त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. पण अन्न का टिकतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ते सांगणारा पाश्चर तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता!

मला ही गोष्ट फार आवडली. पुढच्या रविवारची मात्र आवडली नाही.

त्या रविवारी ती म्हणाली, "आजी, एक असाइनमेंट आहे. मोठ्या भांड्यात शिजवलेला भात किती वेळात निवतो, ते काढायचंय. आकडे आपणच निवडायचे. तुमच्या वसतिगृहात केवढं पातेलं होतं गं?"

मी सहज हातानं माप दाखवायला गेले. (फोनवर!) दोन हात रुंद नसेल, पण दीड नक्की. खोल दोन विती. आणि सांगता सांगता थांबले, कारण ते पातेलं मला जरा जास्तच नीट आठवत होतं.

जानेवारी १९८९. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी आमची शाळा आणि तिला जोडून वसतिगृह. मुलांची सहल निघायची होती, एस. टी. पहाटे पाचला. वाटेत आठ वाजता खायला मसालेभात द्यायचा ठरला. पहाटे तीनला चूल पेटवायची तर साऱ्यांचीच धावपळ, म्हणून तो आदल्या रात्रीच करून ठेवावा ही सूचना माझी. वसतिगृहात एक स्वयंपाकीण मावशी होत्या. रात्री दहाला भात झाला. मावशी म्हणाल्या, "बाई, परातीत मोकळा करू द्या. एवढा ढीग रातभर दडपला तर इटंल की वो."

पराती होत्या चार. भात उरकून मला घरी जायचं होतं, माझा मुलगा तापानं फणफणलेला. मी म्हणाले, "धूळ पडेल, उंदीर फिरतील. झाकण ठेवा आणि वर गोणपाट टाका, म्हणजे सकाळपर्यंत गरम राहील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गोणपाट टाकलं.

निघण्याआधी भात चुलीवर पुन्हा गरम केला होता, हेही खरं. आठला मुलं जेवली. दहा-साडेदहापासून उलट्या सुरू झाल्या. एकशेचाळीस मुलांपैकी तीसएक. दोघांना सलाइन लावावं लागलं. संध्याकाळपर्यंत सगळी सावरली, हे नशीब.

चौकशी झाली. भाताचा नमुना कोणी ठेवला नव्हता. कोणीतरी म्हणालं, भातच खराब असता तर सगळ्यांनाच त्रास झाला असता. काहींनाच झाला, याचा अर्थ वाढताना हात अस्वच्छ होते. सगळ्यांना ते पटलं. अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी चांगलं. मावशींना महिन्याच्या आत काढून टाकण्यात आलं.

मी हे सगळं नातीला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की असं पातेलं होतं, गोणपाट होतं, रात्री दहा ते सकाळ. आणि तीस मुलं आजारी पडली. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, मी हाच आकडा घेते."

आठवड्यानं तिनं आलेख पाठवला. मला त्यातलं काय कळणार! तिनं फोनवर समजावलं. आमटी ढवळली की आतलं-बाहेरचं मिसळतं, भात तसा हलत नाही. त्याच्यातली उष्णता कणाकणानं बाहेर सरकते. ढिगाची जाडी दुप्पट झाली, तर निवायला वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. म्हणून माझ्या पातेल्याच्या पोटातला भात सकाळीसुद्धा चटका बसेल इतका गरम असणार. तो सुरक्षित. उघडं पातेलं असतं तर थंडीत कडेचा भात लवकर गार झाला असता. गोणपाटानं तेच होऊ दिलं नाही. कडेला एक जाड थर रात्रभर नुसता कोमट राहिला.

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. शिजवल्यानं ते मरत नाहीत. कोमट भात मिळाला की रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या.

"म्हणजे काहींनाच का झालं?" मी विचारलं.

"ज्यांच्या ताटात कडेचा भात गेला त्यांना, आजी. नमुना नाही, त्यामुळे शपथेवर नाही सांगता येणार. पण सगळं जुळतंय."

"आणि परातीत पसरला असता तर?"

"चार बोटं जाडीचा? त्या थंडीत दोन-तीन तासांत गार. पहाटे करणं सगळ्यांत चांगलं, पण ते नाही तर परातच. कोणी सुचवलं होतं का?"

त्या अहवालाची प्रत माझ्याकडे नाही, पण दोन वाक्यं पाठ आहेत. पहिलं : "भात रात्री झाकून ठेवण्यात आला होता." दुसरं : "स्वयंपाकगृहातील अस्वच्छता व संबंधित कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा यांमुळे सदर प्रकार घडला." मी मुलांना प्रयोग शिकवायची. कर्ता कसा शोधायचा, क्रियापदाला 'कोणी' असा प्रश्न विचारायचा, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल. कोणी झाकायला लावला? त्या वाक्यात उत्तर नाही. मीच ते ठेवलं नव्हतं. दोष द्यायच्या वाक्यात मात्र कर्मचारी नीट हजर आहे.

खोटं एकही अक्षर लिहिलं नाही, अशी मी पस्तीसेक वर्षं स्वतःची समजूत घालत आले.

त्या रात्री नातीला फोन करून उरलेलं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "त्या मावशींचं नाव काय होतं? सेमिनारला हे उदाहरण घेतलं तर त्यांचे आभार मानायला हवेत." मला आडनाव आठवत होतं. नाव नाही. आम्ही सगळे मावशीच म्हणायचो.

मावशींची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती पंढरपुरात असते असं एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. गेल्या महिन्यात मुलाला घेऊन गेले. तिनं ओळखलं, वाकून नमस्कार केला, चहा ठेवला. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. चहा होईपर्यंत मी सांगून टाकलं. पातेलं, गोणपाट, अहवाल, नातीचा आलेख, सगळं. पिशवीतून कागद काढून दाखवलासुद्धा.

तिनं तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "आई सांगायची. म्या परात मागितली होती, म्हणायची." आणि थोड्या वेळानं, "नाव तुळसाबाई. लिहा."

मी लिहून घेतलं. निघताना ती दारापर्यंत आली आणि विचारलं, "बाई, हे शिक्षण कुठं असतं? माझा नातू बारावीला हाय."

मग आम्ही पुन्हा बसलो. मी सांगितलं, बारावीला गणित पक्कं हवं, सी. ई. टी. द्यावी लागेल, परभणीला कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, राहुरीला कृषी अभियांत्रिकी. पुढं गेट दिली तर एम. टेक. करता येतं, त्याला विद्यावेतन मिळतं. तिनं नातवाला हाक मारली. त्याला नातीचा नंबर दिला आणि रविवारी सकाळी फोन कर म्हणून सांगितलं, तेव्हा ती मोकळी असते.