पूल 'इंडियानो'चा, नाव राजारामांचं

फ्लॉरेन्समध्ये गाडी चालवणाऱ्या कुणालाही 'इंडियानो' ठाऊक असतो. शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीवर जाड पोलादी तारांनी तोलून धरलेला मोठा पूल आहे, १९७८मध्ये पुरा झालेला. त्याचं नाव 'पोन्ते आल्लिंडियानो'. "इंडियानोवर गाड्या तुंबल्यात, उशीर होईल" हे वाक्य इथं सकाळच्या वेळी सर्रास कानावर पडतं. इंग्रजीतला 'इंडियन' तोच इटालियनमधला 'इंडियानो'. पण हा इंडियन कोण, असं विचारलं की बहुतेक जण "कुणी तरी राजपुत्र" म्हणून थांबतात.

तो आमच्या कोल्हापूरचा राजा, छत्रपती राजाराम महाराज.

करवीरच्या गादीवर या नावाचे एकाहून अधिक छत्रपती झाले, त्यामुळे घरीही गोंधळ होतो. हे १८६६मध्ये गादीवर आलेले, ज्यांच्या नावाच्या राजाराम कॉलेजात पुढे गोपाळ कृष्ण गोखले शिकले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानण्याच्या काळात, १८७०मध्ये, हा तरुण राजा विलायतेला गेला. व्हिक्टोरिया राणीला भेटला, पार्लमेंट पाहिलं आणि पाहिलेलं सगळं रोजनिशीत लिहीत गेला. ती रोजनिशी १८७२मध्ये इंग्रजीत छापली गेली. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७०ला फ्लॉरेन्समध्ये महाराजांनी देह ठेवला. वयाला एकविसावं वर्ष चालू होतं.

बरोबरच्या मंडळींना अग्निसंस्कार करायचा होता, तोही संगमावर. आपल्याकडे पंचगंगेची सवय. प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात, तिथलं पुण्य लहान पोरही सांगेल. इथं मात्र मृताला जाळणं कायद्यात नव्हतं आणि चर्चला मान्य नव्हतं. युरोपात आधुनिक दाहवाहिन्या यायला अजून काही वर्षं होती. मिलानची पहिली १८७६मधली. तरीही परवानगी मिळाली, आणि तीही लगोलग. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. कारभाऱ्यांच्या हातात वेळ जेमतेम काही तासांचा होता. शहराच्या कडेला, कॅशिने बागेच्या टोकाशी मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. तिथं रात्रीच्या काळोखात चिता रचली गेली आणि बघायला शहरातली माणसं जमली.

त्याच जागी १८७४मध्ये स्मारक उभं राहिलं. छत्रीचं काम चार्ल्स मँट यांचं, ज्यांनी पुढे आपला न्यू पॅलेस बांधला. पुतळा फुलर या शिल्पकाराचा. बागेत मंगळवारचा बाजार भरतो तिथून पश्चिमेला झाडांखालून चालत राहिलं की लोखंडी कठड्यात ती छत्री दिसते. खाली अर्धपुतळा, आणि इटलीत अपेक्षित असतो तसा पांढरा नाही, रंगवलेला: सावळा चेहरा, डोक्यावर पगडी, अंगावर दागिने. दगडावर नाव कोरलेलं आहे, चार भाषांत. मागे मोठा पूल घरघरत असतो.

या देशात 'इंडियानो' शब्दाला बरेच अर्थ चिकटलेत. 'फारे लिंडियानो', म्हणजे इंडियन करणं, म्हणजे कळत असून न कळल्यासारखं दाखवणं. त्यातला इंडियन खरं तर अमेरिकेतला मूळ रहिवासी. पो नदीच्या खोऱ्यात आज इंडियानो म्हटलं की पहाटे गोठ्यात गाईंची धार काढणारा पंजाबी माणूस डोळ्यासमोर येतो. परदेशात राहताना हे सगळे अर्थ आपल्याही अंगावर येतात. माझं म्हणणं असं की शहर आपल्याला कोणत्या शब्दानं ओळखतं, यापेक्षा आपल्या कठीण वेळी ते कसं वागलं हे पाहावं. इटलीनं हिंदू समाजाशी कायद्यानं करार केला तो २०१२च्या अखेरीस. फ्लॉरेन्सनं एका परक्याला त्याच्या धर्माप्रमाणे निरोप घेऊ दिला तो त्याच्या १४२ वर्षं आधी. कायदा मागाहून आला, माणुसकी आधी.

त्यामुळे मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. फ्लॉरेन्सला येणाऱ्या मराठी माणसानं डेव्हिडचा पुतळा पाहून मागे फिरू नये; कॅशिनेच्या टोकापर्यंत जावं आणि वाटेत कुणी विचारलंच तर इंडियानोचं पूर्ण नाव सांगावं. हे काम आपलं आहे, ते इटालियन माणूस आपल्यासाठी करणार नाही.

दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते, त्यासाठी होळीला लोक शेणी दान देतात. या बाबतीत कोल्हापूर कुणापेक्षा मागे नाही. पण शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत, इचलकरंजीच्या मागांवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं राबतात. त्यांना आपण 'भय्या' म्हणतो आणि तिथंच थांबतो. त्यातलं कुणी इथंच गेलं, तर त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे निरोप द्यायला शेजारच्या चार माणसांनी पुढं यावं. आणि त्याचं नाव आधीच, तो जिवंत असताना, विचारून ठेवलेलं असावं. आपला राजा परमुलखात गेला तेव्हा परक्यांनी आपल्यासाठी एवढं केलं आहे.