डंख नसलेल्या माशीचा मध

मधाचे औषधी गुण सांगताना आपण फुलाची आणि रानाची चौकशी करतो. माशी कोणती होती, हे फारसे विचारत नाही. मध तपासणे हे माझे रोजचे काम. डंख नसलेल्या माशीचा मध हा स्वतंत्र पदार्थ मानून त्याची पारख स्वतंत्रपणे व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे ही जेमतेम चार मिलिमीटरची माशी जुन्या भिंतींच्या फटींत आणि झाडांच्या ढोलींत राहते. मेणात झाडांची राळ मिसळून ती मधासाठी वाटाण्याएवढे बुधले घडवते. पाळलेल्या माश्यांची पेटी उघडली की तपकिरी बुधल्यांचा घोस दिसतो, राळेचा वास दरवळतो. एक बुधला फोडून चाखा: आधी आंबट, मग गोड, शेवटी किंचित तुरट. मध या राळेच्या भिंतींत मुरतो, तेव्हा तिच्यातली फिनॉलवर्गीय द्रव्ये त्यात उतरतात. ऑस्ट्रेलियातल्या अशा मधातले जिवाणूरोधक हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी केले, तरी तो प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखतो. केरळात अशाच मधाला, म्हणजे 'चेरुतेन'ला, आणि मेक्सिकोतल्या माया लोकांत मेलिपोना या डंख नसलेल्या माश्यांच्या मधाला औषध म्हणून मान आहे.

मोठा शोध लागला तो साखरेचा. 2020 मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठाच्या मेरी फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, मलेशिया व ब्राझीलमधल्या पाच जातींचा मध तपासला. दर 100 ग्रॅममध्ये 13 ते 44 ग्रॅम ट्रेहॅल्युलोज निघाले. पूर्वीच्या तपासण्यांत हीच साखर माल्टोज म्हणून नोंदली जाई. तिच्यातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असतात, पण त्यांचा बंध उसाच्या साखरेहून निराळा. आतड्यात तो सावकाश तुटतो, म्हणून रक्तातली साखर हळूहळू चढते. ही साखर दातही किडवत नाही. फुलांच्या रसातल्या सुक्रोजपासून ती माशीच तयार करते.

एवढ्यावरून मधुमेहींना बाटली हाती देणे मात्र मला मान्य नाही. या मधात साधे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. बशीतले जिवाणू मरणे वेगळे, रुग्ण बरा होणे वेगळे. त्यासाठी माणसांवरच्या मोठ्या चाचण्या हव्यात. वर्षाच्या आतल्या बाळाला तर कोणताच मध देऊ नये.

पारखेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय मानकात मधाला साधारण 20 टक्के पाण्याची मर्यादा आहे. या मधात ते 25 टक्क्यांच्या वर सहज जाते. म्हणजे अस्सल मधच नापास! मलेशियाने 2017 मध्ये आपल्या 'केलुलुत' मधासाठी वेगळे मानक केले, ऑस्ट्रेलियानेही 2024 मध्ये तसेच केले. आपल्याकडे एका वसाहतीतून वर्षाला सहसा फार तर किलोभर मध मिळतो, भाव चढा असतो, म्हणून भेसळीचा मोहही मोठा. आपल्या माश्यांच्या मधाची प्रदेशवार तपासणी करून आपणही मानक ठरवले, तर खरा मध काढणाऱ्याला रास्त दाम मिळेल आणि घेणाऱ्याला आपण काय खातो आहोत ते कळेल.