वाट चुकलेला प्रेक्षक

कलादालनात दोन प्रकारचे प्रेक्षक येतात. एक निमंत्रणपत्रिका घेऊन उद्घाटनाला येतो, समईपाशी फोटोला उभा राहतो, चित्रकाराच्या पाठीवर थाप मारतो आणि चहा पिऊन निघतो. दुसरा मुळात चित्रं बघायला आलेलाच नसतो. शेजारच्या सभागृहातलं व्याख्यान सुरू व्हायला वेळ असतो, बाहेर पावसाची सर आलेली असते, नाहीतर ज्याला भेटायचं तो अजून पोचलेला नसतो. म्हणून तो आत डोकावतो. कोल्हापुरात प्रदर्शनांची मांडणी करता करता माझं मत पक्कं झालंय, की कलादालन चालवायचं ते या दुसऱ्यासाठी.

दसरा चौकातलं राजर्षी शाहू स्मारक भवन हे अशा प्रेक्षकाचं हक्काचं ठिकाण. सभागृह आणि कलादालन एकाच वास्तूत. इकडे जलरंगातली निसर्गचित्रं लागलेली असतात आणि तिकडे पुस्तक प्रकाशनाची भाषणं चालू असतात. चौकही तसाच गजबजलेला. शाही दसऱ्याला सोनं लुटायला सारं शहर इथंच जमतं. शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं मुस्लिम बोर्डिंगही इथंच. इथं येण्यासाठी कुणाला ‘कलारसिक’ असावं लागत नाही.

अशा वर्दळीवर नाक मुरडणारे आहेत. चित्राला शांतता हवी, माइकचा आवाज आणि खुर्च्यांची ओढाताण नको, असं त्यांचं म्हणणं. ते समजण्यासारखं आहे. पण कोल्हापुरात चित्र एकटं कधी राहिलं? आनंदराव आणि बाबूराव पेंटर या जोडीचं नाव झालं ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून. राजवाडा, जंगल, रस्ता असे त्यांचे पडदे हजारो लोकांनी पाहिले, आणि ते सगळे नाटक बघायला आलेले. पुढे दोघांना सिनेमाचा ध्यास लागला. 1916मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साथीनं कॅमेरा घडवला आणि 1920मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. हे दामले आणि फत्तेलाल म्हणजे पुढचे ‘प्रभात’ फिल्म कंपनीवाले, तेही पेंटरांच्या हाताखाली आधी रंगकाम शिकलेले. चंद्रकांत मांडरे पडद्यावर नायक आणि घरी निसर्गचित्रकार. राजारामपुरीत त्यांच्या नावाचं कलादालन आहे. शाहू महाराजांनी तर खासबागेत कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह शेजारीशेजारीच उभं केलं. कुस्तीचा शौकीन नाटकाला आणि नाटकाचा शौकीन कुस्तीला जाऊ शकतो, हे या गावाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यामुळे सभागृहाला लागून कलादालन ही इथं जागेची तडजोड ठरत नाही. ती जुनी रीतच आहे.

मात्र ती रीत पाळायची तर मांडणीही तशी करावी लागते. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर ठेवतात; शाळेची मुलं येणार असतील तर मी तो चार-सहा बोटं खाली घेतो. काचेत मढवलेल्या जलरंगावर समोरून ट्यूबलाइट पडली की बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, म्हणून दिवा वरून तिरका सोडायचा. जलरंग उजेडानं उडतो. 50 लक्सच्या पुढं जाऊ नये असा दंडक आहे. म्हणून ती चित्रं खिडकीपासून लांब आणि तैलरंग दाराकडे. दारातून आत येताच दिसेल असं चित्र ओळखीच्या जागेचं हवं: रंकाळा, पंचगंगेचा घाट, पन्हाळा. डोकावणाऱ्याचा पाय तिथं अडतो. अमूर्त चित्रं त्या चित्राच्या पलीकडे, आत लावावीत. एकदा आत आलेला माणूस तिथवर जातोच. चित्राखालची चिठ्ठी मराठीत, अक्षर ठळक, माध्यम स्पष्ट लिहिलेलं. ‘अनटायटल्ड’ असं लिहून आपण त्या माणसाला परत दाराकडे ढकलतो.

आणि हा माणूस काय बघतो? एका प्रदर्शनात उसाच्या फडाचं मोठं तैलचित्र होतं. वर काळं, भरून आलेलं आभाळ, खाली वाऱ्यावर झुकलेले पांढुरके तुरे. चार जाणकारांनी रंगलेपनाची तारीफ केली होती. शेतकरी मेळाव्याला आलेले एक गृहस्थ टोपी काढून बराच वेळ त्यापुढं उभे राहिले, आणि मग चित्रकाराला म्हणाले, “पावनं, उसाला तुरा आलाय, आन आभाळ आखाडातलं कसं काय वं?” उसाला तुरा येतो तो पाऊस सरल्यावर. चित्रकारानं शेत थंडीत रेखाटलं होतं आणि आभाळ जुन्या वहीतून उचललं होतं. त्या प्रश्नावर दोघं खाली बसून अर्धा तास बोलले. चित्रकारानं आभाळ बदललं नाही. तो त्याचा अधिकार. पण चित्र इतक्या बारकाईनं वाचणारा प्रेक्षक त्याला निमंत्रणपत्रिकेतून मिळाला नसता.

आता गावोगावी सांस्कृतिक भवनं होताहेत आणि नकाशात एक खोली ‘कलादालन’ म्हणून दाखवली जाते. ती बहुधा वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला असते. बाहेर पाटीही नीट नसते, आणि संध्याकाळी सभागृह भरायच्या सुमारास तिथं कुलूप लागतं. मग ‘लोकांना चित्रांची गोडी नाही’ असा शेरा मारायला आपण मोकळे. माझं मागणं फार नाही. कलादालन तळमजल्यावर, सभागृहाच्या वाटेवर असावं. कार्यक्रम सुटेपर्यंत ते उघडं राहावं. भाडं नवख्या चित्रकाराला पेलेल इतकं असावं, आणि चित्रकारानं तिथं स्वतः बसावं. एवढं केलं तर प्रेक्षक कुठून आणायचा हा प्रश्न निम्मा सुटतो, कारण तो आधीच इमारतीत आलेला असतो.